बारा चादरींची गाडी

माझ्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट नव्वद इंच लांब आहे. लोक विचारतात, एवढं लांब कशाला, वारा कापायला का? पूर्वी मी खरं उत्तर द्यायचो. आता नुसतं ‘हो’ म्हणतो, कारण खरं उत्तर ऐकल्यावर लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला सोसत नाही. खरं उत्तर असं, की सोलापुरी चादर नव्वद इंच लांब असते.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. सव्वीस वर्षं दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य तपासतोय. सूर्य तपासून कंटाळा आला की वहीच्या मागच्या पानावर मी गाडी काढायचो. बुटकी, रुंद, जमिनीला पोट लावलेली, टप नसलेली, दोन माणसांची. ही गाडी आपण घरी बांधायची हे मी दहावीत ठरवलं होतं आणि सत्तेचाळीस वर्षांचा होईपर्यंत कुणापाशी बोललो नव्हतो. बोललो तेव्हा बायको भाजी निवडत होती.

“दोनच माणसांची?” तिने विचारलं.

“स्पोर्ट्स कारला दोनच सीट असतात.”

“घरात आपण चार आहोत. दुसऱ्या सीटवर कोण, ते आधी ठरवा. मागनं भांडण नको.”

परवानगी मिळाली असं मी धरून चाललो.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. सोलापूरच्या पूर्व भागातली विणकरांची बहुतेक घरं अशीच. भांडतो मात्र आम्ही मराठीत. भांडण गल्लीला कळलं नाही तर ते करून उपयोग काय, असं अम्माचं, म्हणजे माझ्या आईचं, स्पष्ट मत आहे. पुढे घरातलं जवळजवळ सगळं बोलणं मराठीत आलंय, त्यावरून काय ते समजून घ्या.

गाडीसाठी जागा होती ती घराची पुढची खोली. तिथे पूर्वी दोन माग होते. नान्ना, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालता ठेवणारा माणूस. नान्ना मागाला हात लावायच्या आधी डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत आणि कुठला बोल्ट सैल आहे ते सांगत. स्वतःच्या लग्नात मांडवातला पंखा अडकत चालला होता, तर अक्षता पडल्यावर नवरदेव स्टुलावर चढलेला फोटो आमच्याकडे आहे. नोकरी सुटल्यावर त्यांनी घरात दोन माग टाकले आणि चादरी विणल्या. मग कापड उठेनासं झालं, माग घ्यायला कुणी तयार होईना, आणि शेवटी दोन्ही माग भंगारात गेले. भंगारवाल्याचा टेम्पो गल्लीच्या टोकाला वळला तसे नान्ना आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्यानंतर दीड वर्ष ते तसेच होते. जेवायला उठायचे, आंघोळीला उठायचे, पुन्हा भिंत. मोरीचा नळ गळायला लागला तेव्हा म्हणाले, “प्लंबर बोलवा की.” हे ऐकून अम्मा स्वयंपाकघरात जाऊन रडली. नान्नांनी आयुष्यात कधी प्लंबर बोलावला नव्हता.

माग जाण्याआधी शेवटच्या सुतावर त्यांनी बारा चादरी काढल्या होत्या. लाल, मधोमध मोर. त्या लोखंडी पेटीत होत्या. एक दिवस अम्माने मला बाजूला घेतलं.

“अकरा वाटायच्या हायत. पोरीबाळींना, भाच्यांना. बारावी त्यांची.”

“त्यांची म्हणजे?”

“शेवटच्या दिवशी अंगावर घालायची. दुसऱ्यानं विनलेली चालनार न्हाय म्हनले.”

रेशन कार्ड कुठे ठेवलंय ते सांगावं तसं तिने हे सांगितलं. तेव्हापासून मला त्या पेटीची भीती बसली. नान्ना पाणी प्यायला त्या बाजूला गेले तरी मी मागोमाग जायचो. त्यांना काही आजार नव्हता. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं होतं, काही नाही. तेच तर वाईट होतं. काही नसताना माणूस एका चादरीकडे निघाला होता.

आता नातेवाईक म्हणतात, पोराने बापासाठी गाडी बांधायला घेतली. साफ खोटं. खोली रिकामी झाली म्हणून घेतली. आपण आदर्श पुत्र वगैरे नाही. नान्ना भिंतीच्या पलीकडे झोपलेले असताना अलीकडे हातोडी चालवायला मला थोडी लाज वाटायची, एवढंच.

अपघातात चेपलेली एक लहान गाडी मी भंगार बाजारातून आणली. तीन सिलिंडरचं इंजिन शाबूत होतं. खालचा सांगाडा करायला पलीकडच्या गल्लीतले वेल्डर चाचा आले. त्यांची हयात गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करण्यात गेली होती. चौकोनी पाइप जोडता जोडता ते थांबले.

“मास्टर, बीच में खाली जगा अच्छी नै दिखती. एक फूल डाल दूँ?”

“चाचा, हे गाडीच्या खाली जाणार. कुणाला दिसणार आहे?”

“गाडी पलटी हुई तो सबकू दिखता की.”

त्यामुळे माझ्या गाडीच्या पोटाखाली लोखंडी कमळ आहे. ते आजपर्यंत कुणाला दिसलेलं नाही, देवाची कृपा.

सांगाड्यावर सळया वाकवून, त्यावर बारीक जाळी ताणून मी आकार काढला. बुटका, रुंद, अगदी वहीतल्यासारखा. सांगायला हरकत नाही, मला रडू आलं. आता त्यावर फायबरग्लासची मॅट रेझिनमध्ये भिजवून चढवायची, ती कडक झाली की झाली गाडी. मॅटचं पार्सल आलं त्या दिवशी नान्ना आंघोळीला निघाले होते. खांद्यावर पंचा, हातात तांब्या. दारात थबकले. आत आले. तांब्या खाली ठेवून त्यांनी मॅटचं टोक उचललं आणि उजेडासमोर धरलं.

“कापड हाय का हे?”

“तसंच काहीतरी.”

“ह्याचा ताणा कुटंय?”

“उभा धागा नसतो ह्याला, नान्ना.”

“बाणा?”

“आडवाही नसतो. काचेचे धागे तोडून नुसते पसरतात आणि चिकटवतात.”

नान्नांचा चेहरा असा झाला, की मी घरात काय आणलंय ते चारचौघांत सांगता येऊ नये. “म्हंजे विनलेलं न्हाय?”

“नाही.”

“अरे, मग कचरा हाय की हा! कारखान्यात झाडून काढायचो आमी असला!” त्यांनी मॅटची गुंडाळी केली आणि शटरच्या बाहेर नेऊन ठेवली. “हितं दोन माग होते. ह्या खोलीत न विनलेलं कापड येनार न्हाय. सांगून ठेवतो.”

दीड वर्षातलं हे त्यांचं सगळ्यात मोठं बोलणं होतं. मी तोंड उघडं ठेवून ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर कामाच्या टेबलावर लाल चादरींची चळत. मी आधी आत पळालो आणि पेटी उघडून बघितली. बारावी तळाशी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मग बाहेर येऊन मोजल्या. अकरा.

मी समजावून सांगितलं. सूत रेझिन पितं, चादर तर अधाशासारखी पिणार, गाडी दगडासारखी जड होणार, इंजिनला झेपणार नाही. तीस वर्षं ज्या हलक्या, चपळ गाडीचं चित्र काढलं तिचं काय होणार ते मला दिसत होतं. नान्ना टेबलाशी उभे राहून सगळं ऐकत होते. इतका वेळ उभे मी त्यांना माग गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

“झालं बोलून?” ते म्हणाले. “घमेलं आन.”

मी घमेलं आणलं.

पहिली चादर बॉनेटवर टाकली तेव्हा ती दोन्हीकडून लोंबायला लागली. बॉनेट साठ इंच, चादर नव्वद. मी कात्री घेतली आणि नान्नांनी माझं मनगट धरलं.

“चादरीला कात्री लावायची न्हाय.”

“नान्ना, बॉनेट साठ इंच आहे!”

“नव्वद कर.”

“डिझाइन आहे ते गाडीचं!”

“मग डिझाइन काप. गाडी काप. चादर कापायची न्हाय. मोराची मान कुटं कापतोस, शहाणाच हायस की!”

हा नियम शेवटपर्यंत टिकला. चाचांना पुन्हा बोलावून सांगाडा तीस इंचांनी वाढवला. मडगार्डवर पूर्ण चादर बसवायची म्हणून मडगार्ड फुगले. दार लहान, तर चादर दुहेरी घडी करून घातली, म्हणून दारं चार बोटं जाड झाली. मागच्या बाजूला चादरीच्या दशा, म्हणजे टोकाचे सुटे धागे, तशाच सोडायच्या ठरल्या, कारण दशा कापल्या तर ती चादर कसली? सायलेन्सरच्या धुराने त्या पेटतील, असं चाचा म्हणाले, तेव्हा दशा हलल्या नाहीत, सायलेन्सर हलला. बॉनेटवरचा मोर चोच पुढे करून बसला, जिथे कंपनीची खूण असते बरोबर तिथे.

चाचा एक चक्कर मारून म्हणाले, “मास्टर, गाडी बना रहे की पलंग?”

मी चिडलो होतो, खूप चिडलो होतो. पण सकाळी सातला नान्ना मला उठवत होते. शाळेला जायच्या आधी अर्धा तास रेझिन, आल्यावर दोन तास. मोर एका रेषेत येतोय का ते बघायला ते जमिनीवर आडवे होत. भिजलेल्या चादरीतली हवा काढायला त्यांनी मागाची जुनी लाकडी पट्टी शोधून काढली, तिने ते चादर अशी दाबत बसायचे की मधेच हात थांबवून मी नुसता बघायचो. नळ एका रविवारी आपोआप गळायचा थांबला. अम्माच्या आमटीला रेझिनचा वास यायला लागला आणि तिने नान्नांशी दीड वर्षानंतर पहिलं भांडण काढलं, मराठीत, शटर उघडं ठेवून. गल्लीतल्या बायका ऐकायला आल्या. अम्मा फार दिवसांनी खुशीत दिसली.

हायवेवरच्या एका चादरवाल्याला कुणीतरी बातमी दिली. तो आला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, “दुकानासमोर उभी करायची हाय. लई गिऱ्हाईक थांबंल. द्या की.” नान्नांनी त्याला चहा पाजला आणि घालवून दिलं.

मग एप्रिल आला आणि मी घोळ घातला.

रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर टाकतात. थंडीत जास्त लागतं, उन्हाळ्यात कमी. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तर नुसतं नाव घेतलं तरी पुरे. मी सवयीने जानेवारीएवढंच ओतलं. अकरावी चादर, ड्रायव्हरच्या दाराची, घमेल्यात बुडवली आणि ब्रश शोधायला वळलो. परत बघतो तर घमेल्यातून धूर. हात घातला तर चटका. उचलायला गेलो तर चादर, ब्रश आणि घमेलं, तिन्ही एक झालेले. मोराची तेवढी मान वर राहिली होती.

अकराचा हिशेब अगदी नेमका बसवला होता. सगळी गाडी झाकली गेली होती आणि एक दार जाळीचं उघडं होतं. नान्नांनी घमेल्याकडे बघितलं. हात धुतले, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पहिल्या दिवशी मला वाटलं, राग आहे, जाईल. दुसऱ्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी शाळेत एका मुलाच्या सूर्याला शंभरपैकी शंभर दिले आणि त्याला डोंगरही नव्हते. गाडीचं मला काही वाटत नव्हतं. गाडी चुलीत जाऊ दे, पण आता पेटीत एकच चादर उरली होती, आणि मी भीत होतो.

त्या संध्याकाळी मी दुकानात जाऊन तशीच चादर आणली. तोच लाल, तोच मोर. ती नान्नांच्या उशाशी ठेवून म्हटलं, “ही आमच्या लग्नात तुम्ही दिलेली. कपाटात सापडली.”

त्यांनी डोळे न उघडता चादरीवरून हात फिरवला. दोन बोटांत धरून चोळली.

“इंचाला चार बाणे कमी मारलेत,” ते म्हणाले. “खोटं बोलतोस, आनि तेपन विरळ.” आणि पुन्हा भिंत.

चौथ्या दिवशी शाळेतून आलो तर गल्लीतच पेटीच्या झाकणाचा आवाज ऐकू आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. शटरखालून वाकून आत शिरलो. नान्ना गाडीपाशी उभे होते. वर्तमानपत्र खाली पडलं होतं आणि बारावी चादर त्यांच्या हातात होती. आतल्या दारात अम्मा पदर तोंडाला लावून उभी.

“ही नको, नान्ना,” मी म्हणालो. “ही तुमची आहे.”

“म्हाईत हाय. विनली कुनी?”

“अम्माने सांगितलंय मला ही कशासाठी ठेवलीय ते.”

त्यांनी अम्माकडे रागाने पाहिलं. “हिच्या पोटात काय ऱ्हात न्हाय.” मग चादर झटकून दारावर धरली, मोर वरच्या बाजूला आहे ना ते बघितलं, उतरवली, घडी बदलली, पुन्हा धरली. “चार दिवस इचार केला. माझ्यावर घालनार आनि दोन तासांत जाळनार. जाळायला विनली व्हय मी ही? हितं दार उघडं पडलंय ते दिसत न्हाय कुनाला?”

मी खाली पडलेलं वर्तमानपत्र उचललं.

“नवीन घमेलं आन,” ते म्हणाले. “आनि हार्डनर मी टाकनार. तू लांब थांब.”

मी लांब थांबलो. नान्नांनी थेंब मोजून टाकले. चादर भिजली, चढली, पट्टीने दाबली गेली. ती अर्धी सुकल्यावर अम्मा पुढे आली आणि मराठीत म्हणाली, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “मग आता तुमच्यावर काय घालायचं वो?”

“दुसरी विनीन की.”

“माग कुटंय?”

“बघतो,” नान्ना म्हणाले आणि हात धुवायला गेले.

गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, हे मला आधीच माहीत होतं. घरी बांधलेल्या गाडीला नंबर मिळत नाही. तरी मी आरटीओत चौकशीला गेलो होतो. खिडकीतल्या साहेबांनी मोबाइलवरचा फोटो आडवा केला, उभा केला आणि “हे गाडीवर टाकलंय की ही गाडीच आहे?” एवढंच विचारलं. म्हणून चाचांच्या मेहुण्याचा शहराबाहेर कुंभारीला मोकळा प्लॉट आहे, तिथे टेम्पोने न्यायची ठरली. उघड्या टेम्पोत अकरा मोर बघून रस्त्यात एका म्हातारीने हात जोडले. एकाने मोटरसायकल जवळ आणून विचारलं, “सेल कुटं लागलाय ओ?”

प्लॉटवर पोचल्यावर कळलं, की ड्रायव्हरचं दार उघडत नाही. घडी केलेली बारावी चादर फटीतून पलीकडे जाऊन सांगाड्याला धरून बसली होती. कापल्याशिवाय उघडणार नव्हती. कापायचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या दाराने मी आधी शिरलो, मग चाचांनी आणि बायकोने नान्नांना धरून दुसऱ्या सीटवर उतरवलं. दुसऱ्या सीटवर कोण, हा प्रश्न असा सुटला. बायको म्हणाली, “आधीच विचारलं होतं मी.”

गाडी सुरू झाली. धावली असं म्हणवत नाही. कडेने एक म्हातारा सायकलवर चालला होता, तो आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना “चालू द्या” म्हणाला. तीस वर्षांचं स्वप्न माझ्या पायाखाली धापा टाकत होतं. मी नान्नांकडे बघितलं, तर त्यांनी डोळे मिटले होते आणि मान जरा तिरकी केली होती. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

“थांबव,” ते म्हणाले. “तिसरा मारत न्हाय.”

उतरवून घ्या म्हणाले. नव्वद इंचांच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले, दहा मिनिटं नुसते पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा कपाळावर काळा पट्टा. पुन्हा बसलो. आता तिन्ही सिलिंडर मारत होते. मजा बघायला थांबलेला तो सायकलवाला पुन्हा निघाला होता. आम्ही त्याला गाठलं. मागे टाकलं असं नाही, पण गाठलं, आणि नान्नांनी त्याच्याकडे बघून हात वर केला. त्या प्लॉटवर ते इतके मोठ्याने हसले, की लांब उभी असलेली अम्मा काय झालं म्हणून पळत आली. मी आयुष्यात इतका सुखी फार वेळा झालो नाही, हे इथे लिहून ठेवतो.

याला तीन वर्षं झाली. गाडी पुढच्या खोलीतच असते. घमेल्यात अडकलेला मोर अंगणात आहे, त्यात चिमण्या पाणी पितात. नान्ना आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि माग बघतायत. कुणाकडे जुना माग विकायला आहे असं कळलं की मी त्यांना स्कूटरवर बसवून नेतो. ते मागाभोवती फिरतात, डोळे मिटून आवाज ऐकतात आणि काहीतरी खोट काढतात. एकाचा पाया हलका, एकाचा धोटा अडखळतो, एकाचा मालकच त्यांना पटला नाही. घरी आल्यावर अम्मा विचारते, “मिळाला का?” ते म्हणतात, “न्हाय की. बारावी र्‍हायलीय माझी अजून. घाई करून चालत न्हाय.”

परवा एक माग चांगला निघाला. खरोखर चांगला. मालकाने तो तेलपाणी करून जपला होता. नान्ना तासभर त्याच्यावर हात फिरवत होते, ऐकत होते, खाली वाकून बघत होते. खोट सापडेना. मी बाजूला उभा राहून मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, काहीतरी निघू दे. शेवटी ते सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “रंग आवडला न्हाय.”

मालक चकित झाला. “मागाचा रंग कोन बघतंय ओ?”

“आमच्यात बघतात,” मी म्हणालो आणि स्कूटर सुरू केली.